प्रकाशतंतू दारात आला, मग वेग अडला कोठे?



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की, व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर हा कसला विषय! घरातले इंटरनेट मंद चालत असेल तर दुरुस्तीवाल्याला बोलवावे. त्यासाठी व्याख्यान कशाला ऐकावयाचे? परंतु अनुभव असा आहे की, दुरुस्तीवाला येतो, डब्यावरचे हिरवे दिवे पाहतो, ‘आमच्या बाजूने सर्व ठीक आहे’ असे सांगतो आणि निघून जातो. त्याचे म्हणणे बहुधा खोटे नसते आणि आपली तक्रारही खोटी नसते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, एवढाच आजचा प्रश्न आहे.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरची हकीगत सांगतो. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात जर्मनीत. दर रविवारी रात्री आठ वाजता नातीशी चित्रफोनवर बोलणे, हा त्या घरचा आठवड्याचा सण. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट येई. त्यात चित्र अडखळे, म्हणून त्यांनी १०० मेगाबिटचा फायबरचा प्लॅन घेतला. तरीही नातीचा चेहरा पडद्यावर गोठून राहू लागला. ग्राहक सेवा केंद्राने सांगितले, ‘मोठा प्लॅन घ्या.’ त्यांनी ३०० चा घेतला. महिन्याचे पैसे वाढले. चेहरा गोठावयाचा तो गोठतच राहिला. आजीबाई एकदा म्हणाल्या, “आम्ही काही विचारावे, तर ते तिच्यापर्यंत पोहोचेतो ती उठून खेळायला गेलेली असते.” पुढे पुढे त्या फोनसमोर बसेनाशाच झाल्या. आणि गुरुजी, ज्यांनी आयुष्यभर मुलांना कार्यकारणभाव शिकवला, ते म्हणाले, “आमच्या नशिबीच वेग नाही!”

नशिबाचे नाव निघाले की समजावे, तपास करावयाचा राहिला आहे. तो आपण करू. प्रथम ज्याच्यावर सगळा राग आहे, त्या प्रकाशतंतूची ओळख करून घेऊ.

काचेच्या केसासारख्या तंतूतून प्रकाश वळणे घेत जातो कसा? पाण्यात बुडी मारून तिरप्या नजरेने वर पाहिले, तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे प्रकाश फार तिरपा गेला की तो बाहेर न पडता आतच परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. जॉन टिंडॉल यांनी १८५४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश नेऊन दाखविला, तो याच तत्त्वावर. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठविले आणि १९५४ साली ते काम प्रसिद्ध केले. पण त्या वेळची काच अशुद्ध होती. थोड्या अंतरातच प्रकाश विझून जाई. दोष तत्त्वाचा नसून काचेतील अशुद्धीचा आहे, आणि ती काढली तर हजारो संभाषणे एका तंतूतून नेता येतील, असे चार्ल्स काओ यांनी जॉर्ज हॉकॅम यांच्यासह १९६६ साली मांडले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी असा तंतू केला की, एक किलोमीटर गेल्यावर शंभरातील निदान एक भाग प्रकाश शिल्लक राही. आजच्या चांगल्या तंतूत शंभरातील नव्वदांहून अधिक भाग शिल्लक राहतो. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या दारात येणाऱ्या तंतूचा प्रकाशवाहक गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो. मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा नव्हे. घरोघर येणाऱ्या जोडणीत बहुधा एकच तंतू वाटेत स्प्लिटरने वाटलेला असतो आणि ३२ किंवा ६४ घरे त्याच्यावर असतात. जीपॉन नावाच्या सर्रास वापरातल्या पद्धतीत या सर्व घरांकडे मिळून येणारा वेग सेकंदाला सुमारे २,५०० मेगाबिट आणि जाणारा सुमारे १,२५० मेगाबिट असतो. सर्वांनी एकदम मागितले तर वाटा कमी येईल. परंतु सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागतात असे क्वचितच घडते. तंतूचा आणखी एक गुण ध्यानात ठेवावा. त्यातला प्रकाश मंदावला म्हणून वेग हळूहळू उतरत नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत काम जवळजवळ पूर्ण वेगाने चालते आणि मर्यादा ओलांडली की चुका होऊ लागतात, जोडणी तुटते. म्हणून ‘रोज थोडे मंद, सगळीकडे मंद’ अशा दुखण्याचे मूळ तंतूत सापडणे विरळा. मग ते कोठे असते?

येथे पुणेकरांना एक जुनी गोष्ट आठवावी. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले गेले. जमिनीखालून बांधीव नळ, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास आणि शहरात हौद. पाणी कमी आले तर कारभारी काय करील? पेठेतल्या हौदाकडे पाहून तलावाला शिव्या देणार नाही. एकेका उच्छ्वासापाशी जाऊन पाणी पाहील. अलीकडच्या ठिकाणी पाणी भरपूर आणि पुढच्या ठिकाणी कमी, अशी जोडी सापडली की अडथळा त्या दोहोंच्या मध्येच. इंटरनेटच्या वाटेवरही असेच उच्छ्वास आहेत आणि ते आपल्याला उघडता येतात. नियम दोनच: प्रत्येक ठिकाणी मोजावयाचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. तीन गोष्टी एकदम बदलून सुधारणा झाली, तर कशाने झाली हे कळत नाही. आणि जे कळले नाही, ते पुन्हा बिघडते.

मोजण्यापूर्वी मापाविषयी एक खुलासा. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात. संगणक पुष्कळदा फाइल उतरविताना मेगाबाइट दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले, तर ती पूर्ण शंभरच आहे. कित्येकांची तक्रार या एका भागाकारात मिटते. तसेच आपल्या प्लॅनमध्ये महिन्याच्या डेटाची मर्यादा आहे काय आणि ती संपल्यावर वेग किती राहतो, हेही आधी पाहावे. महिन्याच्या आरंभी सुरळीत आणि अखेरीस रखडत, असे असेल तर दोष यंत्राचा नाही, कराराचा आहे.

आता पहिला उच्छ्वास. तंतू जेथे घरात येतो तेथे एक डबा असतो. त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. तो प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो. त्याला लॅन केबलने लॅपटॉप थेट जोडावा, लॅपटॉपचे वायफाय बंद करावे, घरातील बाकीची उपकरणे थोडा वेळ थांबवावीत आणि वेगचाचणी घ्यावी. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, असे दोन-तीन दिवस करावे आणि आकडे वहीत लिहावेत.

येथे तीन प्रकार संभवतात. आकडा सदा कमी असेल तर दोष डब्यात किंवा डब्याबाहेर. दिवसा पूर्ण आणि रात्री निम्मा असेल तर पुढच्या सामाईक वाटेवर गर्दी आहे. ती आपल्या घरात सुटणारी नाही. जोडणी अधूनमधून अजिबात तुटत असेल आणि ‘एलओएस’ हा तांबडा दिवा लागत असेल, तर मात्र तंतूवरच संशय घ्यावा. तो दारात चिमटला आहे काय, कपाटामागे काटकोनात मुडपला आहे काय, हे पाहावे. तीव्र वळणावर प्रकाश काचेबाहेर गळतो. जोडाच्या टोकावरचा धुळीचा एक कणही नऊ मायक्रॉनच्या गाभ्याला झाकू शकतो. परंतु तो पुसण्याचे काम जाणत्यावर सोपवावे. उघड्या तंतूच्या टोकात कधीही डोकावू नये. त्यातील प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो. डब्याच्या माहितीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती दिलेली असली तर पाहावी. तेथे उणे चिन्हाचा आकडा असतो. नेहमीच्या जीपॉन डब्यासाठी तो उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असावा. उणे २७ च्या अगदी काठावर किंवा पलीकडे असेल तर तक्रारीला बळकट आधार मिळाला.

आणि एक आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे: ९४. प्लॅन ३०० चा आणि चाचणी मात्र दर वेळी ९४ किंवा ९५ वर अडते, तर समजावे की वाटेत कोठेतरी १०० मेगाबिटचे जुने द्वार आहे. जुन्या राउटरचे पोर्ट तेवढेच देतात. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. शंभराला दोन पुरतात, हजाराला चारही लागतात. एक तार तुटली तरी जोडणी पुष्कळदा तक्रार न करता शंभरावर उतरते. शे-दोनशे रुपयांच्या केबलपायी मोठा प्लॅन फुकट जातो, तो असा.

डब्याशी वेग पूर्ण आला तर कंपनीचा माणूस खरे बोलला. आता दुसरा उच्छ्वास, म्हणजे घरातील हवा. तांब्याच्या तारेतून दहा मेगाबिट येत असताना वायफायचा दोष दिसतच नव्हता. कारण वायफाय तेवढे सहज वाहून नेई. नळ बारीक होता तोवर बादलीचे भोक कोणाला जाणवेल? फायबरने नळ मोठा केला आणि भोक उघडे पडले. फायबर घेतल्यावरही मंदपणा राहतो, त्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो. परंतु तो अरुंद आहे. त्यात एकमेकींना न अडविणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या इमारतीत मोबाइलवर शेजाऱ्यांच्या वायफायची वीस-पंचवीस नावे दिसतात. ती सर्व या तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने बसलेली असतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गुरगुरतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. म्हणून राउटर जेथे बसतो त्या खोलीत ५ चा पट्टा वापरावा. राउटर उंच, उघड्यावर आणि घराच्या शक्य तितक्या मध्यभागी ठेवावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि काँक्रीटची भिंत हे त्याचे शत्रू. आपल्याकडे मात्र तंतू दरवाज्यातून येतो म्हणून डबा दरवाज्यापाशी बसतो, आणि तो विद्रूप दिसतो म्हणून कपाटामागे जातो.

दोन भिंतींपलीकडच्या खोलीसाठी खरा उपाय म्हणजे तेथवर लॅन केबल नेऊन दुसरे वायफाय केंद्र बसविणे. केवळ हवेतून पुढे ढकलणारा स्वस्तातला विस्तारक तीच वाहिनी ऐकण्यासाठी आणि बोलण्यासाठी वापरतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. ज्या जागी वायफाय आधीच क्षीण आहे तेथे तो ठेवला, तर तो क्षीणपणाच पुढे वाटतो.

तिसरा उच्छ्वास रांगेचा. वेगचाचणी उत्तम, तरी बोलणे अडखळते, असे का? कारण संभाषणाला रुंदीपेक्षा तत्परता अधिक लागते. एका चित्रफोनला चार-पाच मेगाबिट पुष्कळ होतात. परंतु त्याचे तुकडे वेळेवर पोहोचले पाहिजेत. घरातला एखादा मोबाइल त्याच वेळी शेकडो छायाचित्रे दूरच्या साठवणीत पाठवू लागला, की बाहेर जाणारी वाट भरते. राउटर जादा माल फेकून न देता साठवून ठेवतो. रांग लांबते आणि आपले बोलणे त्या रांगेच्या शेवटी उभे राहते. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांनी २०१०-११ च्या सुमारास, स्वतःच्या घरच्या जोडणीचा तपास करताना, या दुखण्याकडे लक्ष वेधले आणि त्याला बफरब्लोट हे नाव रूढ झाले. परीक्षा सोपी आहे. घर शांत असताना विलंब, ज्याला पिंग म्हणतात, तो पाहावा. मग एखादी मोठी फाइल पाठवीत असताना पुन्हा पाहावा. सेकंदाच्या शंभराव्या भागावरून तो अर्ध्या सेकंदावर गेला तर रोग सापडला. छायाचित्रांची साठवण रात्री झोपेच्या वेळी लावावी. राउटरमध्ये रांग शहाणपणाने लावण्याची सोय असेल तर ती सुरू करावी.

चौथा उच्छ्वास घराबाहेर, फार दूर. एकच संकेतस्थळ मंद आणि बाकी सर्व चपळ असेल, तर दोष त्या स्थळाचा. पान उघडण्यास आरंभी वेळ लागतो, मग धावते, तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस ही यंत्रणा तपासावी. कार्यालयाच्या व्हीपीएनमधूनच मंद असेल तर कार्यालयाला विचारावे. शिवाय अंतर हेही सत्य आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येण्यास निदान एक अष्टमांश सेकंद लागणारच. कोणताही प्लॅन तो विकत घेऊ शकत नाही. वेगचाचणी मात्र बहुधा जवळच्या संगणकाशी होते, म्हणून ती नेहमी आशावादी असते.

आता गुरुजींच्या घरी परत जाऊ. एका रविवारी सकाळी आम्ही वही घेऊन बसलो. नव्या डब्याला थेट केबल लावली: २८८. म्हणजे कंपनी निर्दोष. परंतु घरातले सर्व मोबाइल त्या डब्यावर नव्हतेच! जुना राउटर ‘चांगला चालतो आहे, टाकून कशाला द्यावयाचा’ म्हणून त्यांनी डब्याच्या मागे जोडून ठेवला होता आणि सगळे घर त्याच्यावर होते. त्याला केबल लावली: ९४. म्हणजे १०० वरून ३०० वर गेल्याचा एक पैशाचाही लाभ झाला नव्हता. त्याच्या वायफायवर बाहेरच्या खोलीत ३८. आतल्या खोलीत, जेथे आजीबाई खाटेवर बसून बोलत, तेथे ९. राउटर लोखंडी कपाटामागे, फक्त २.४ च्या पट्ट्याचा, आणि नव्या डब्याचे वायफायही त्याच वाहिनीवर त्याच्याशी भांडत होते.

तरीही ९ मेगाबिटमध्ये बोलणे व्हावयास हवे होते. रात्री आठ वाजता आम्ही विलंब पाहिला, तेव्हा शेवटचा धागा सापडला. रविवारी दोघे फिरावयास जात, नातीला दाखविण्यासाठी फुलांची, देवळांची छायाचित्रे काढीत. आणि घरी येताच मोबाइल ती सर्व मुकाट्याने वर पाठवू लागे, नेमका आठच्या सुमारास. त्या क्षीण वायफायवर विलंब १२ सहस्रांश सेकंदांवरून ६०० च्या पुढे गेला. नातीसाठी काढलेली छायाचित्रेच नातीची वाट अडवून उभी होती.

एकेक बदल केला आणि दर वेळी मोजले. जुना राउटर काढला. डबा कपाटामागून मधल्या बोळात, उंचावर आणविला. आतल्या खोलीपर्यंत केबल नेऊन एक लहान वायफाय केंद्र बसविले. छायाचित्रांची साठवण रात्री दोननंतर ठेवली. पुढल्या महिन्यात प्लॅन पुन्हा १०० वर आणला. आता आजीबाईंच्या खाटेपाशी ८० च्या आसपास आकडा येतो. पण त्या आकडा पाहत नाहीत. नात गाणे म्हणते आणि त्या मध्येच तिची चूक सुधारतात. मध्येच सुधारता येते, हीच त्यांची वेगचाचणी.

मित्रहो, दोष बाहेरचा निघाला तर काय? तर वही उपयोगी पडते. ‘नेट स्लो आहे’ ही कुरकुर झाली; ‘डब्याला थेट केबल लावून तीन रात्री नऊ वाजता ३०० ऐवजी ४० आले’ ही तक्रार झाली. तक्रार नोंदवून तिचा डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. तेथे समाधान झाले नाही, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. आकड्यांपुढे ‘आमच्या बाजूने सर्व ठीक आहे’ हे वाक्य टिकणे कठीण.

आणि दोष आपल्याच घरात निघाला, तर तेही वाईट नाही; तो आपल्या हातात आहे. मोठा प्लॅन घेण्यापूर्वी एक लॅन केबल, एक वही आणि एक सुट्टीची सकाळ एवढे भांडवल लावून पाहावे. गुरुजींनी आपली वही जपून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी शाळेतल्या सवयीने तारीख घातली आहे आणि खाली लिहिले आहे: ‘आधी मोजणे, मग बोलणे.’